ताईच्या हातचा स्वेटर ढिला पडत नाही

२ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं शेवटचं पत्र कधी आलं ते तूच आठव, मी आठवून दिलं तर तुलाच लाज वाटेल. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली, घरात ओरडणारं कोणी नाही, म्हणून साहेब मोकाट सुटले असणार. फोन करत जाईन म्हणतोस, पण माझ्या कानांची अवस्था तुला ठाऊक आहे. सगळी नोकरी टेलिफोनच्या खोलीत गेली, अख्ख्या शहराची बोलणी मी जोडून दिली, आणि आता मलाच फोनवर हॅलोच्या पुढचं काही ऐकू येत नाही. देवाच्या घरी न्याय असतो म्हणतात, पण ते खातं बहुतेक वेगळं असावं. तेव्हा बाबा, पत्रच लिही. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल. तुझं कोंबडीचे पाय अक्षर दिसलं की माणूस जागेवर आहे एवढं कळतं.

माझं उत्तम चाललंय. खिडकीशी खुर्ची, मांडीवर विणकाम, समोर लॉन्ड्रीवाल्याचं दुकान. शेजारच्या नर्सला विणायला शिकवतेय. ड्युटीवरून तशीच येते आणि टाके असे आवळते की सुई ओढायला दुसरा माणूस लागावा. तिला म्हटलं, अगं, हे बँडेज नव्हे, मफलर आहे. हसते आणि पुन्हा आवळते.

आता मुद्द्याचं. राखाडी रंगाची झकास लोकर मिळाली आहे, जाड आणि मऊ. तुझ्या कोल्ड स्टोरेजात मळ दिसणार नाही. यातून तुला दुसरा स्वेटर विणून टाकते, म्हणजे एक अंगात, एक धुण्यात. मागच्या वर्षीचा निळा कसा आहे ते लिही. तसं मला ठाऊकच आहे. माझ्या हातचा स्वेटर झिजेल, एखादवेळेस फाटेलही, पण ढिला पडणार नाही. गल्लीतल्या बायका मला विचारतात यात गोम काय. गोम काही नाही, हाताला शिस्त पाहिजे.

जेवणाची आबाळ करू नकोस. लेकीला आणि नव्या पाहुणीला माझा गोड पापा कळव. माया आहे ती आहेच, तू पत्र लिहिलंस तर तिला खतपाणी मिळेल.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं आणि दोन कानशिलात बसल्यासारखं झालं. चूक कबूल. पण मी मोकाट सुटलेलो नाही गं. बटाट्यांचा हंगाम आहे, रोज ट्रकच्या रांगा लागतात. बाहेर घाम आणि आत हाडं गोठवणारी थंडी, दिवसभर हेच आत-बाहेर. पोती मोजून घ्या, वजन करा, थप्पी लावून घ्या, वर मालकांचं बोलणं खा. घरी येतो तो बटाट्याचा वास घेऊनच.

स्वयंपाक मीच करतो. म्हणजे बटाटे उकडतो. त्यावर मीठ टाकलं की सकाळचं जेवण आणि मिरपूड टाकली की रात्रीचं. कपडेही मीच धुतो. बायकोला वाटत होतं की माझ्या हातून घर बुडेल, पण मी सगळं व्यवस्थित रेटतोय. नात अगदी तुझ्यासारखी आहे म्हणे, सारखी कोणावर तरी डाफरत असते.

स्वेटरचं विचारलंस ते बरं केलंस. गंमतच झाली. मध्ये बरेच दिवस आत जायचं काम नव्हतं, परवा तो काढून घातला, तर बाह्या बोटांच्या पार पुढे. गळा एका खांद्यावरून उतरतोय, छातीशी झोळ, काठ मांड्यांवर. हमाल म्हणाले, साहेब, मोठ्या भावाचा घालून आलात का? मी म्हटलं, मोठा भाऊ नाही, मोठी बहीण आहे, आणि तिला हे कळलं तर तुमचं काही खरं नाही. सगळे फिदीफिदी हसले. तेव्हा राखाडी विणशील तो जरा बेतानं घे. मी आता पूर्वीचा ढब्बू राहिलो नाही असं दिसतंय. या वयात बांधा सुधारला, आणखी काय हवं!

थोडं थकल्यासारखं वाटतं, पण ते कामाचं आहे. तू कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. रागावली असलीस तर पुढच्या पत्रात रागाव, या पत्रापुरतं प्रेम असू दे.

तुझा,
ढब्बू


१४ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलं. तू हसत लिहिलंस, मला हसू आलं नाही. पुन्हा वाचलं आणि मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं.

अरे, स्वेटर कुठे जात नाही. एकेक टाका मी माझ्या हातानं घातलाय, तो वर्षभरात काय, दहा वर्षांत हलायचा नाही. स्वेटर आहे तेवढाच आहे. म्हणजे उतरलायस तो तू. छातीशी झोळ पडावा एवढा माणूस वाळतो आणि वर थकवा येतो म्हणतोस, आणि तुला बांधा सुधारल्याचा आनंद होतोय? अक्कल गहाण टाकलीस का रे?

बाबांचं विसरलास? पँट सैल होत गेली तेव्हा आपण सगळेच हसत होतो. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडायचे आणि ऐटीत सांगायचे, तब्येत आता आटोपशीर झाली. आईसुद्धा हसायची. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांच्या हातात काही राहिलं नव्हतं. मला तो पट्टा आठवतो रे. त्यामुळे आटोपशीर, बांधा, असले शब्द माझ्यापुढे काढू नकोस.

नर्सला सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, की एखादा माणूस कारण नसताना वाळायला लागला तर काय समजायचं. तिनं सुया खाली ठेवल्या आणि म्हणाली, कारण असतंच, आधी तपासून घ्यायचं. ती गेल्यावर लगेच हे लिहायला बसलेय.

आता दोन गोष्टी करायच्या. एक, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जायचं. हंगाम, ट्रक, मालक, सगळे गेले खड्ड्यात. दोन, तो निळा स्वेटर अंगात घाल, जिथे जिथे ढिला होतो तिथे तिथे चिमटीत धरून सेफ्टी पिना लाव आणि तसाच पार्सलनं मला पाठव. तू कागदावर खोटं लिहिशील, पिना खोटं बोलणार नाहीत. मला बघू दे किती उतरलायस ते.

पट्टा कितव्या भोकाला लागतो तेही लिही. तुझ्या बायकोला, म्हणजे आपल्या मास्तरीणबाईंना, मी वेगळं पत्र टाकलंय, उगाच तिच्यावर चिडू नकोस.

आपण दोघंच उरलो आहोत, ढब्बू. एवढं लक्षात ठेव, बाकी काही लिहवत नाही.

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि मी बाळाच्या एकाच दुपट्याची घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत बसले. लेक विचारत राहिली, आई, काय झालं? तिला काही सांगितलं नाही. ती अजून अंथरुणावरून धड उठत नाही, तिला कुठे घोर लावायचा?

वन्सं, मी निघाले तेव्हा हे चांगले खातेपिते होते. शर्टाची बटणं ताणली जात होती, त्यावरून मीच टोचून बोलले होते. आता ते बोलणं आठवतं आणि जीभ हासडून घ्यावीशी वाटते. मी शाळेत पोरांना शिकवते की नीट निरीक्षण करा, आणि घरातल्या माणसाकडे बघायला मला फुरसत नाही.

फोन रोज असतो. विचारलं की ठरलेलं उत्तर, सगळं झकास. काय खाल्लं तर झकास, झोप लागते का तर झकास. गेल्या महिन्यात तर फुशारकी चालली होती की कपडे धुण्यात मी इतका तरबेज झालोय, तू आल्यावर तुलाच शिकवीन. मी म्हटलं, धन्य आहे. मला वाटलं, गडी मजेत आहे. तुमचं पत्र आल्यावर काल स्पष्टच विचारलं की तुम्ही वाळलात का. तर एकदम गप्प. मग म्हणाले ट्रक आलाय, नंतर बोलू. वन्सं, हा माणूस माझ्याशी बोलताना कधी गप्प बसलेला नाही. माझं तोंड बंद व्हायची वाट बघत बसलेला असतो, ते वेगळं. पण असा गप्प नाही.

मी सांगून ठेवलंय की या आठवड्यात डॉक्टरांकडे गेला नाहीत तर बाळ-बाळंतीण दोघींना गाडीत घालून घरी येईन आणि तुमच्या वजनकाट्यासमोर ठिय्या देईन. धमकी दिली खरी, पण मनातून मी पार हलले आहे. तुमच्याशिवाय हे कोणाला सांगू? तुमचं ते ऐकतात. मी ओरडले तर त्यांना सवय आहे, तुम्ही ओरडलात की घाबरतात.

स्वेटर हातात आला की काय दिसतंय ते मला लगेच कळवा, वाईट असलं तरी कळवा. तुमच्या लोभाची गरज मला आजच्याइतकी कधी लागली नव्हती.

तुमची,
भावजय


२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल केलंय. पिना लावल्या आहेत. काम करून करून हैराण झालो, कारण एक हात दुसऱ्या बाहीला पिना लावतो तेव्हा पहिली बाही तोंडात धरावी लागते. शेवटी हमालांच्या मुकादमाला बोलावलं. तो बिचारा काही न विचारता पिना लावत गेला, आणि पोटाशी आला तेव्हा हळूच म्हणाला, साहेब, तब्येतीची काळजी घ्या. तेव्हापासून माझ्या मागे कोणी हसत नाही. हसत होते तेव्हा बरं होतं.

पट्ट्याचं विचारलंस. ताई, कामावर आम्ही जाड, नाडीच्या पँटी आणि ढगळ सदरे घालतो आणि घरी लेंगा. पट्टा मी किती दिवसांत लावलेलाच नाही. काढून बघावं असं रोज मनात येतं आणि मी कपाट उघडत नाही. आता तुला खरं सांगतो. दिवसभर मी पोत्यांची वजनं करतो, काटा माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे, आणि मी त्याच्यावर चढत नाही. मालक एकदा चेष्टेत म्हणाले की या, तुमचंही करू, तर मी पावत्या आणायला म्हणून निघून गेलो. पोतं किती भरतं ते सांगायला मला वेळ लागत नाही. माझं किती भरतं ते मला ऐकायचं नाही.

आरशात बघितलं की गाल बसल्यासारखे वाटतात. मग वाटतं, नाही, आहेत तसेच आहेत. मग पुन्हा वाटतं. बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. तू त्यांच्या पट्ट्याचं लिहिलंस, पण तो मलाही आठवत होता गं, म्हणूनच तर तुला गंमत म्हणून लिहिलं. वाटलं, तू म्हणशील, अरे वेड्या, काही नाही, लोकरच तशी होती. तू तसं म्हणाली नाहीस. तू घाबरलीस, आणि मग माझी गाळण उडाली. लहानपणापासून सवय आहे, तू घाबरली नाहीस तोवर मी घाबरत नाही.

डॉक्टरांकडे जाईन. जाईन म्हणजे जाईनच. बायकोला सांगू नकोस की मी घाबरलोय. नात अजून पाहिलेलीही नाही मी.

तुझा आशीर्वाद असू दे, या वेळी नुसता लिहायचा म्हणून नको.

तुझा,
ढब्बू


२६ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद.

आधी हे सांग, त्या स्वेटरचं तू काय केलंस?

पार्सल आलं. मी दार लावून घेतलं, कोणी बघायला नको म्हणून. उघडलं तर पिनाच पिना. छातीला दोन्हीकडून मूठभर धरलेला, पोटाला तसाच. खरं सांगते, मी तो मांडीवर घेतला आणि पोटभर रडले. मनात म्हटलं, एवढासा राहिला माझा भाऊ. मग रडता रडता पिना काढायला लागले, कारण हात रिकामे ठेवून मला रडता येत नाही. छातीच्या काढल्या, पोटाच्या काढल्या आणि बाहीला आले. बाहीचा काठ चांगला वीतभर दुमडून तुमच्या मुकादमानं पिना लावलेल्या. ती पिन काढली आणि माझा हात तिथेच थांबला.

अरे मूर्खा! आणि अगं मूर्खे! माणूस वाळला तर त्याचं पोट जाईल, छाती जाईल, गाल जातील. त्याचे हात आखूड कसे होतील? हाड कधी वाळतं का? बाह्या बोटांपुढे जातात हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. जन्मभर बाह्या विणल्या आणि ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही, कारण माझ्या हातचा स्वेटर ढिला पडत नाही ना! गर्वाचं घर खाली म्हणतात, माझं तर तळघरात गेलं.

मग चष्मा लावून, स्वेटर खिडकीशी धरून बघितला. टाके उभे ताणलेत. जिथे माझे टाके गुबगुबीत बसलेले असतात तिथे जाळी झालीय. खांद्याची शिवण कोपराकडे निघालीय. आणि खालच्या काठाला, दोन्ही टोकांना, दोन वाटोळी भोकं आहेत. कसरीची नाहीत, कसर असं शिस्तीत खात नाही. काहीतरी जाड त्यातून आरपार गेलंय, आणि जड होतं ते. तिथला काठ कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबतोय. काय अडकवलं होतंस? खरं सांग. मास्तरीणबाई लिहितात की तू कपडे धुण्यात तरबेज झालायस. ते वाचून मी तेव्हा सोडून दिलं होतं, आता त्या वाक्याचाच मला संशय येतोय.

पण ऐक. मला आनंद झाला म्हणून तू सुटला नाहीस. डॉक्टरांकडे जायचंच, आणि काट्यावर चढायचंच. माझा जीव अर्धा खाली आलाय, उरलेला अर्धा अजून घशात आहे. तो तुझ्या पत्रानं खाली येईल. उत्तर लगेच टाक, तोवर माया उधार समज.

तुझी,
ताई


१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आणि दोन्ही कान धरून.

कुलुपं.

थांब, नीट सांगतो. बायको गेल्यावर वाटलं की तिला चकित करावं, म्हणून सगळे जाड कपडे काढले धुवायला. स्वेटर साबणाच्या पाण्यात रात्रभर बादलीत भिजवला. गरम पाणी घेतलं नाही हं, तेवढं मला कळतं! सकाळी उचलला तर ओल्या बटाट्याच्या पोत्याइतका जड. दोरीवर टाकला तर चिमट्याचे वळ उठतील, म्हणून मी डोकं चालवलं. झाडूचा दांडा एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढला आणि बाह्या दोन्हीकडे चांगल्या ताणून गच्चीवर दोन खुंट्यांवर टांगला. बुजगावण्यासारखा मस्त दिसत होता. पण वारा सुटलेला. आदल्या दिवशी माझा एक शर्ट उडून शेजाऱ्यांच्या छपरावर गेला होता. म्हटलं ताईचा स्वेटर गेला तर ताई मला ठेवणार नाही. मग गोदामाची जुनी, मोठी कुलुपं घरात पडली होती, ती दोन्ही टोकांना काठातून घालून चक्क लावून टाकली. चांगले दोन दिवस टांगलेला होता. किल्ली सापडेना म्हणून तिसराही.

आता लिहिताना मलाच कळतंय. पण शप्पथ, धुण्याचा आणि मापाचा काही संबंध असतो हे मला आजवर कोणी सांगितलंच नाही! स्वेटर ढिला झाला तेव्हा ती कुलुपं माझ्या मनातसुद्धा आली नाहीत. मी थेट मरणाचाच विचार केला.

तुझं पत्र कामावर मिळालं. बाह्यांपर्यंत वाचलं आणि मोठ्यानं हसलो, मग हसता हसता भलतंच झालं, डोळे पुसायला रुमाल मिळेना. मुकादम धावत आला. मी त्याला काही सांगितलं नाही, सरळ जाऊन काट्यावर उभा राहिलो. डोळे मिटून घेतले होते गं. काट्यावरचा आकडा बघून मुकादमच आधी हसला, आणि मग पोतीबिती टाकून सगळे जमले.

तुझी आज्ञा होती म्हणून तिथूनच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, पोट दाबून पाहिलं, सगळं केलं. दोन दिवस थांबलो ते कसे गेले ते माझं मला ठाऊक. काल सगळे कागद आले. काही नाही, ताई. काहीही नाही. मागच्या वर्षी गुडघ्यासाठी गेलो होतो तेव्हाचं वजन त्यांच्याकडे होतं, त्याहून चार किलो जास्त भरलोय. एकट्यानं राहून, बटाटे खाऊन, चार किलो! डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, थकवा येतो तो या पोटामुळे, वजन कमी करा. मी उठून त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांना वाटलं, मला नीट समजलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा जोरात सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, आणखी एकदा सांगा.

बायकोला फोन केला. आधी रडली, मग कुलुपांचं ऐकलं आणि तिथूनच अशी कडाडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. शाळेतल्या पोरांची कीव आली. पण किती बरं वाटलं म्हणून सांगू! पंधरा दिवसांनी नातीला बघायला जातोय.

स्वेटरचं मन मोडू नकोस. उसवायचा असला तर मला सांगू नकोस, गुपचूप उसव.

तुझा लाडका, जाडा,
ढब्बू


६ डिसेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र उघडलं तेव्हा पहिला शब्द वाचून मला काही कळेना. मग सगळं वाचलं. शेवटाला आले आणि खिडकीतूनच लॉन्ड्रीवाल्याला ओरडून सांगितलं की माझा भाऊ चार किलो वाढला! त्यानं इस्त्री बाजूला ठेवली आणि मला हात जोडले. त्याला बहुतेक वाटलं असेल, म्हातारीला नातू झाला. नर्स संध्याकाळी आली, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, वजन वाढल्याचे पेढे वाटायला निघालेली तुम्ही पहिलीच बाई. मग कुलुपांचं सांगितलं तर हसून हसून तिचे टाके इतके सैल पडले, जन्मात पडले नसतील.

ढब्बू, मी तुला शिव्या देणार होते. मनात यादीही तयार होती, पण बसत नाहीये एकही. आज सकाळी चहा प्यायले तेव्हा लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मला चहाची चव लागली. तू आहेस. एवढंच माझ्या डोक्यात दिवसभर चाललंय. काम करताना मध्येच थांबते आणि म्हणते, आहे.

निळा उसवलेला नाही. उसवीन कशी, त्यानं माझी अक्कल जागेवर आणली. कोमट पाण्यात हलकेच बुडवला, पिळला नाही, जुन्या पंच्यात गुंडाळून पाणी शोषून घेतलं आणि माझ्या पलंगावर चादर टाकून आडवा ठेवलाय. बाह्या आत सारते, काठ वर ढकलते, खांदे थापटते, दिवसातून किती वेळा ते विचारू नकोस. पलंग त्याला दिलाय आणि मी खाली गादी टाकून झोपते. नर्स म्हणते, पेशंटची तब्येत कशी आहे? मी म्हणते, सुधारतोय, पण मोठं दुखणं होतं. भोकं रफू करीन. पुन्हा पहिल्यासारखा होईल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, छातीठोकपणा माझा संपला. बराचसा होईल.

राहिला राखाडी. त्याला मी अजून सुई लावलेली नाही. मनात भीती होती तेव्हा लोकर हातात धरवत नव्हती. नवीन स्वेटर कोणासाठी विणायचा, हा प्रश्न मनात यायला लागला की मी लोकर पेटीत टाकून वर बसायची. आता विणणार आहे. पण तुझ्या मापांवर माझा विश्वास नाही, पिनांवर नाही, आणि माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर तर मुळीच नाही. म्हणून मी येतेय. मास्तरीणबाईंना कळवलंय, तू नातीला बघून आलास की दुसऱ्याच आठवड्यात मी तुझ्या दारात. कान नसले तरी गाडीत बसता येतं.

टेप आणणार नाही. तू नुसता उभा राहा, हलू नकोस आणि लाजू नकोस. मी तुला धरून बघणार आहे, आणि माझे दोन्ही हात तुझ्या पाठीमागे एकमेकांना पोहोचले नाहीत, तर मला या जगात आणखी काही नको. वजन कमी करायचं ते मी परत गेल्यावर कर.

तुझी,
ताई